जज्जसाहेब उभे राहतात

पहिल्याच भेटीत आमच्या घरमालकांनी मला शपथ घ्यायला लावली.

मी मूळची कऱ्हाडकडची. रत्नागिरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि जागा शोधत मांडवीच्या वरच्या अंगाला, चढावरच्या एका घराशी आले. पडवीत एक उंच, काटकुळे गृहस्थ ताठ बसले होते. वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि खाली पंचा. हे निवृत्त जिल्हा न्यायाधीश. जन्मभर उंच टेबलामागे बसल्यामुळे आपण कमरेखाली कोणाला दिसत नाही अशी त्यांची समजूत झालेली आहे, असं त्यांच्या बायकोने मला पुढे सांगितलं.

"जे सांगाल ते खरं सांगाल?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खऱ्याशिवाय दुसरं काही सांगणार नाही?"

"नाही."

"मग सांगा. तुमच्यापासून घराला काही उपद्रव?"

मी म्हटलं, "सकाळी थोडं गाते."

"स्वतःविरुद्ध पुरावा दिलात," ते एकदम खूश झाले. "असा पक्षकार मला क्वचित भेटला. निकाल राखून ठेवतो."

मी जावं की थांबावं हे मला कळेना. तेवढ्यात आतून पदराला हात पुसत काकू आल्या. "अगो, वर जा, खोल्या बघ, आवडल्या तर सामान आण. ह्यांच्या निकालाची वाट बघत बसलीस तर तुझं पेन्शन सुरू होईल."

मी सामान आणलं. बरीच वर्षं तिथे राहिले. तो निकाल राखून ठेवलेलाच राहिला.

साऱ्या गावाला ते जज्जसाहेब. मी त्यांना साहेब म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे आणि मधूनच मी त्यांची स्टेनो आहे असं समजून बोलायला लागायचे. मी कॉलेजला निघाले की पडवीतून आवाज यायचा, "लिहून घ्या. आज सकाळी मागच्या दारी माकडं आली. पूर्णविराम. शेवग्याच्या शेंगा नेल्या. त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यात आलेलं नाही." माझ्या हातात छत्री आणि डबा. मी मान हलवायची आणि पाखाडी उतरायला लागायची. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उतरती वाट. आमच्या घरावरून ती खाली मांडवीकडे जात होती.

दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. काकूंनी विचारावं, "आज भेंडी करू की पडवळ?" तर ते म्हणायचे, "पडवळाच्या बाजूने काय आहे?" दारात मासेवाली आली की ती टोपलीवरचं फडकं काढायची आणि हे चष्मा पुसायचे.

"बांगडा ताजा कशावरून?"

"डोळं बगा वो त्याचं, साहेब!"

"साक्षीदाराचे डोळे बघून मी पुष्कळदा फसलोय."

"मग कल्लं बगा. लालभडक हायत."

"हा झाला परिस्थितीजन्य पुरावा."

एकदा ही उलटतपासणी चालू असताना शेजारचं मांजर टोपलीतला एक बांगडा घेऊन गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, उडी मारून गेलं. मासेवाली शिव्या देत उठली. साहेब शांतपणे आत वळून म्हणाले, "तज्ज्ञाचं मत आलं. घ्या हो तुम्ही."

साहेबांच्या आयुष्यात काकूंच्या खालोखाल महत्त्वाचा माणूस अमेरिकेत होता, आणि तो मरून शंभराहून जास्त वर्षं झाली होती. धुळ्याला बदली असताना रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड इंग्रजी चरित्र सापडलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा पुढाऱ्याचं, जो नंतर न्यायाधीश झाला. साहेब त्याचं नाव घेत नसत. मोठ्या दिराचं नाव बायका टाळतात तसं फक्त "आमचे बंधू" म्हणायचे. बंधू शेतकऱ्याचा मुलगा. नांगराच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबून कायदा वाचलेला. आधी त्यांच्या राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला, मग राजधानीतल्या मोठ्या सभागृहात. तिथे स्वतःच्याच पक्षाशी भांडला आणि पुढची निवडणूक आपटला. मग तिकडच्या रिवाजाप्रमाणे जज्जाच्या जागेसाठी निवडणूक लढवली आणि ती मात्र जिंकली. घोड्यावर कायद्याची पुस्तकं लादून तो गावोगाव फिरायचा. न्यायालय कुठे गोठ्यात, कुठे खाणावळीत. एकदा भर सुनावणीत स्वतःला डुलकी लागली म्हणून त्याने न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल स्वतःला दंड केला होता.

हा किस्सा सांगताना साहेबांचा आवाज कापरा व्हायचा. "मॅडम, स्वतःला दंड! तोही ताबडतोब भरला!"

"तो मेला तिकडे," काकू म्हणायच्या, "आणि भोगत्ये मी इकडे."

बंधूवर साहेबांचा जीव जडायला कारण होतं. तरुण वकील असताना तेही एकदा नगरपालिकेत निवडून गेले होते. "बंधू निवडणूक हरले म्हणून जज्ज झाले," ते म्हणायचे. "मी जिंकलो म्हणून झालो." त्याचं असं झालं होतं की मच्छीबाजाराला छप्पर घालावं असा ठराव त्यांनीच मोठ्या हौसेने मांडला. विरोधी बाजूच्या एका म्हाताऱ्या सभासदाने उठून सांगितलं, छप्पर घातलंत तर वारा अडेल आणि वास गावात शिरेल. साहेबांना ते पटलं. मतदान झालं तेव्हा ठरावाच्या बाजूने त्यांचे सगळे सहकारी आणि विरोधात ठराव मांडणारा स्वतः. त्यांच्या पॅनलने त्यांना चहाला बोलवायचंही बंद केलं. मग त्यांनी न्यायखात्याची परीक्षा दिली आणि पुढचं सगळं आयुष्य धुळे, बीड, गडचिरोली असं फिरण्यात गेलं. दर मे महिन्यात काकू मात्र इकडे यायच्या. घरामागे नवी नवरी असताना लावलेलं हापूसचं एक कलम होतं, त्याला पाणी घालायला.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या घराच्या पुढे, चढावर आठदहा घरांची एक वस्ती होती. तिथे जायला पाखाडीशिवाय वाट नव्हती. पाखाडीच्या पायथ्याशी एक जुनी सार्वजनिक विहीर. समुद्र इतका जवळ, तरी पाणी गोडं, आणि मे महिन्यात नळ गुरगुरायला लागले की खालच्या सगळ्या आळीचा भार तिच्यावर. वरच्यांना गाडीरस्ता हवा होता. कारण राधाआत्या. तिने सगळी उमर जेटीवर मासे विकले होते. दोन्ही पाय गेल्यापासून ती घरात खाटेवर होती. तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून पाखाडी उतरायची, आणि ती वाटभर चौघांच्या बापजाद्यांचा उद्धार करणार. नगरपालिकेत योजना निघाली. पाखाडी फोडून काँक्रीट करायचं आणि गाडी वळायला जागा हवी म्हणून विहीर बुजवायची.

वरचे म्हणाले, करा. खालचे म्हणाले, विहिरीला हात लावून बघा. दोन्ही बाजू आपापले कागद घेऊन आमच्या पडवीत आल्या. साहेबांनी सगळ्यांना नीट बसवलं, सगळ्यांचं ऐकलं, आणि तुमचा अंदाज बरोबर आहे, निकाल राखून ठेवला.

त्यातच नगरपालिकेची निवडणूक लागली. आमच्या प्रभागात नंदू नावाचा एक ठेकेदार उभा होता. चाळिशीचा, गळ्यात साखळी, मनाने वाईट नाही. त्याने वरच्यांना रस्त्याचं वचन दिलं आणि खालच्यांना विहिरीचं. साहेबांनी त्याला पडवीत बोलावून विचारलं, "ही दोन्ही वचनं एकाच वेळी खरी कशी असतील?"

"काका, ही निवडणूक आहे," नंदू म्हणाला. "साक्ष नाही."

हे वाक्य साहेबांना लागलं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची चार वजनदार माणसं आली आणि म्हणाली, साहेब, तुम्हीच उभे राहा. वरच्यांना वाटत होतं साहेब आपले, कारण ते राधाआत्याची चौकशी करतात. खालच्यांना वाटत होतं साहेब आपले, कारण ते विहिरीचं पाणी पितात.

"दोन्हीकडच्यांना तुम्ही आपले वाटता," काकू म्हणाल्या, "कारण तुम्ही कोणालाच काही सांगितलेलं नाही."

"बंधूही जज्ज होताना पुन्हा उभे राहिले होते," साहेब म्हणाले, आणि उभे राहिले.

चिन्ह म्हणून त्यांना तराजू हवा होता. मिळालं कपाट. नंदूची पोरं लगेच म्हणायला लागली, बरोबर आहे, राखून ठेवलेले निकाल ठेवायला काहीतरी नको का.

प्रचाराला मी त्यांच्याबरोबर फिरले, म्हणून सांगते, असा प्रचार मी पुन्हा पाहिला नाही. ते दारात उभं राहून विचारायचे, "आपण कोणाला मत देणार हे ठरवलंय का? ठरवलं असेल तर सांगू नका. नसेल ठरवलं तर दोघांचं ऐकल्याशिवाय ठरवू नका." एवढं बोलून पुढच्या घरी. एका बाईने हात जोडून सांगितलं, "साहेब, आमची मतं तुम्हालाच." साहेब घाबरले. "इतक्यात? नंदू येऊन गेला का? नाही? मग तुम्ही असं कसं म्हणता?" आणि त्यांनी मला नंदूला फोन करायला लावला, की या घरी तुझं यायचं राहिलंय.

कोपऱ्यावरची सभा तर अजून आठवते. खालच्या आळीत दत्ताच्या देवळासमोर माईक लावला होता. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "पद्धतीप्रमाणे आधी समोरच्या पक्षकाराची बाजू मांडतो, कारण तो इथे हजर नाही." मग त्यांनी नंदूची बाजू मांडली. माणूस तरुण आहे, रोज नगरपालिकेत जातो, ओळखी आहेत, रात्री फोन केला तरी उचलतो, आणि माझं वय बघता मी मुदत पुरी करीन की नाही याची शंका कोणी घेतली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. असं मुद्देसूद, गोळीबंद भाषण त्या कोपऱ्यावर कोणी ऐकलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "आता माझी बाजू," आणि तेवढ्यात सभेची वेळ संपली. पोलिसाने घड्याळ दाखवलं. साहेबांनी नियम मोडला नाही, माईक बंद केला.

नंदूच्या पोरांनी ते सगळं भाषण मोबाईलवर घेतलं होतं. सकाळपर्यंत प्रभागातल्या प्रत्येक फोनवर ते फिरत होतं. "जज्जसाहेब काय सांगतात ऐका. नंदूलाच मत द्या." काकूंनी ते मला दाखवलं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी मात्र ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "युक्तिवाद चांगला झालाय."

त्याच आठवड्यात काकूंनी घरी आलेल्या कार्यकर्त्यांना कोकमचं सरबत दिलं. साहेबांना कळलं तेव्हा ते कपडे करून, म्हणजे पूर्ण कपडे करून, पँटसकट, निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं. अधिकारी म्हणजे एक तरुण बाई, टेबलावर कागदांचे ढीग, दोन्ही कानांना दोन फोन.

"उमेदवाराच्या घरी मतदारांना पेयवाटप झालेलं आहे," साहेब म्हणाले. "तक्रार द्यायची आहे."

बाईंनी फोन खाली ठेवले. "कोणाच्या विरुद्ध?"

"माझ्या."

त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पेय म्हणजे, सर, कसलं?"

"कोकम, साखर, मीठ आणि जिरं."

"बर्फ?"

"नव्हता."

"मग घरी जा हो, सर," त्या अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाल्या. परतताना साहेब खट्टू होते. बंधूंना दंड भरता आला होता. यांना कोणी करतच नव्हतं.

मतदानाच्या दिवशी ते सकाळी लवकर शाळेत गेले. आत जाऊन आले, सगळ्यांना नमस्कार केले, बाहेर येऊन काकूंना म्हणाले, "व्यवस्था उत्तम आहे." माझं नाव कऱ्हाडच्या यादीत, त्यामुळे मी बाहेरच उभी. काकू मत देऊन आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "दिलं गो ह्यांनाच. काय करणार, लग्न झालंय."

मोजणीच्या दिवशी आम्ही तिघं हॉलमध्ये खुर्च्यांवर बसलो होतो. पलीकडे नंदू आणि त्याची माणसं गुलालाची पिशवी घेऊन. आमचं गणित होतं की साहेब वाईट आपटणार. पण लोक अजब असतात. ज्या भाषणाने नंदूचा प्रचार झाला, तेच ऐकून कितीतरी जण म्हणाले होते की समोरच्याबद्दल इतकं चांगलं बोलणारा माणूस आपण जन्मात पाहिला नाही, मत यालाच. आकडे पुढेमागे होत राहिले. नंदूचा घाम टिपून टिपून रुमाल ओला झाला. शेवटी त्या अधिकारी बाईंनी माईक हातात घेतला आणि सांगितलं की दोन्ही उमेदवारांना समान मतं पडली आहेत.

हॉलमध्ये गोंधळ झाला. फेरमोजणी मागितली, झाली, तेवढीच मतं. एक मत इकडे असतं तर, एक मत तिकडे असतं तर, असं जो तो बोलत होता. काकूही पुटपुटत होत्या. "त्या कोपऱ्यावरच्या बाईने दिलंन् का? दिलंन् असेल. देवळाच्या गुरवाने? त्यानेही दिलंन्. मग एक कोणाचं कमी पडलं?" आणि बोलता बोलता त्यांची नजर साहेबांच्या मांडीवरच्या डाव्या हातावर गेली.

"बोट बघू," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"बोट बघू म्हणत्ये ना!"

साहेबांनी हात पुढे केला. काकूंच्या बोटावर शाईची काळी रेघ होती. माझ्या समोर बसलेल्या प्रत्येकाच्या बोटावर होती. साहेबांचं बोट धुतल्या तांदळासारखं स्वच्छ.

"तुम्ही मत दिलं नाहीत?"

"मी कसं देणार?" साहेब खरोखरच चकित होऊन म्हणाले. "मी या प्रकरणात पक्षकार आहे. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्याय देता येत नाही. हे पहिलं तत्त्व."

"आणि नंदूने?"

नंदूने पलीकडून आपलं बोट मुकाट्याने वर केलं. शाई होती.

"त्याने तत्त्वाचा अभ्यास केलेला नाही," साहेब म्हणाले.

मग कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या. बाईंनी डबा हलवला तेव्हा नंदूने डोळे मिटले होते आणि साहेब मान पुढे काढून डब्याचं झाकण नीट बसलंय की नाही ते बघत होते. चिठ्ठी नंदूची निघाली. गुलाल उडाला. त्यात नंदू आमच्याकडे आला आणि त्याने साहेबांच्या पायावर डोकं ठेवलं. साहेब म्हणाले, "निकाल मान्य आहे. लवकर लागला, हे विशेष."

पुढचे कित्येक दिवस काकू साहेबांशी थेट बोलत नव्हत्या. पानं घेतली की जिन्याखाली उभं राहून मला हाक मारायच्या. "मॅडम, पक्षकारांना सांग, भात निवतोय." मी दोन पायऱ्या उतरून सांगायची. साहेब मला म्हणायचे, "येतोय असं कळवा." त्या दिवसांत घरात मासा शिजला नाही. मांजरही यायचं बंद झालं.

पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण दोन्ही वचनं नंदूच्या गळ्यात होती. पावसाळा लागला तशी पुढच्या सभेत योजना मंजुरीला येणार असं ठरलं. त्याआधी दुसरी वाट दाखवली नाही तर पाखाडी फुटणार, विहीर बुजणार. एका संध्याकाळी नंदू पडवीत येऊन बसला. गळ्यातली साखळी तीच, पण चेहरा उतरलेला.

"काका, रस्त्याने जाऊ देत नाहीत मला. वरून गेलो तर वरचे, खालून गेलो तर खालचे. तुम्हीच सांगा काय ते. तुम्ही सांगाल ते मी करतो."

"स्थळपाहणी करावी लागेल," साहेब म्हणाले.

स्थळपाहणी त्यांनी अशी केली. राधाआत्याची ती प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि स्वतः तिच्यात बसले. "रुग्णाला जसं नेता तसंच न्या. सवलत नको." चौघांनी उचलली. मी मागून, छत्री घेऊन. साहेब प्रत्येक वळणाला मला सांगत होते, लिहून घ्या, इथे झोक जातो. लिहून घ्या, इथे रुग्ण पुढे कलतो. तिसऱ्या वळणाला पायरीवर शेवाळ होतं. पुढच्या एकाचा पाय सटकला, खुर्ची गेली, आणि साहेब दोन पायऱ्या बसल्या बसल्या उतरले. आम्ही सगळे ओरडत धावलो. साहेब चिखलात पाय धरून बसले होते आणि तशातही बोट वर करून म्हणाले, "नोंद घ्या! इथे पडतो!"

वरून, घराच्या खिडकीतून राधाआत्याचा आवाज आला. "काय झालां रे? जज्ज आपटला? बरां झालां! आता कळंल!"

घोटा मोडला होता. प्लास्टर घालायला त्यांना त्याच खुर्चीतून, त्याच पाखाडीने उतरवलं. आणायलाही तसंच. खुर्चीत बसून चौघांच्या खांद्यांकडे बघत जायचं, आपल्या हाती काही नाही, कोणी खोकला तरी खुर्चीचे हात आवळून धरायचे. परत आल्यावर ते पडवीत पाय वर ठेवून बसले. स्टेनोला हाक नाही, बंधूंची आठवण नाही. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी अबोला मोडला.

"दुखतंय का फार?"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे हो," साहेब म्हणाले.

"काय?"

"रस्ता कुठून जातो ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. वरचे, खालचे, नंदू, पडवी भरून अंगणात माणसं. राधाआत्याचा भाचा तिच्या वतीने आला होता. साहेबांनी घसा खाकरला. एवढ्या माणसांसमोर त्यांना बोलायला जड जाताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पाखाडी फोडायची गरज नाही," ते म्हणाले. "विहीर बुजवायची गरज नाही. आमच्या घरामागून वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत सरळ जागा आहे. मागचा गडगा पाडला आणि बागेची एक पट्टी दिली, तर गाडी थेट वरच्यांच्या अंगणात जाते. जागा आमची आहे. म्हणून मी इतके महिने बोललो नाही. निकाल राखून ठेवलाय असं म्हणत राहिलो. पण मी पक्षकार होतो. आणि आहे. त्यामुळे हा निकाल मला देता येणार नाही."

नंदू म्हणाला, "मग काका, देणार कोण?"

साहेबांनी मान वळवली. काकू दारात उभ्या होत्या. "तुम्ही बसा," साहेब म्हणाले आणि प्लास्टरचा पाय सांभाळत आपल्या खुर्चीवरून उठायला लागले. मी आणि नंदूने त्यांना धरून बाकावर बसवलं.

काकू पुढे आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "त्या पट्टीत माझं कलम आहे," त्या म्हणाल्या.

"होय," साहेब म्हणाले. "म्हणजे खरं तर तुम्हीही पक्षकार आहात. तत्त्व बघता—"

"मी पक्षकार, आणि मीच जज्ज," काकू म्हणाल्या. "मला चालतं." त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "नंदू, ऐक. रस्ता मागून जाऊ दे. कलम जाईल. पण येत्या मोसमाचा आंबा उतरल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. गडगा परत बांधून द्यायचा, जांभ्याचाच, ब्लॉकचा नाही. विहिरीला कठडा घालायचा. आणि पाखाडीवरचं शेवाळ वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळून काढायचं, उद्याच. झालं. उठा सगळे, चहा ठेवलाय."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. "कारणमीमांसा?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाय मोडला नाहीत का तुम्ही?" काकू म्हणाल्या. "आणखी काय कारण हवंय?"

पुढच्या मे महिन्यात आंबा उतरला. त्या वर्षी कलमाला नेहमीपेक्षा जास्त धरला होता की आम्हालाच तसं वाटलं, कोण जाणे. काकूंनी पहिली पेटी वरच्या वस्तीत पाठवली. झाड तोडलं त्या दिवशी त्या बहिणीकडे अलोऱ्याला गेल्या होत्या. साहेब घरी थांबले. मी संध्याकाळी आले तेव्हा ते बुंध्यापाशी पंचा सावरून उभे होते आणि करवतवाल्याला सांगत होते, फांद्या बाईसाहेबांना विचारल्याशिवाय कोणाला द्यायच्या नाहीत.

नंदूने रस्ता केला. खरोखर केला. गडगाही जांभ्याचाच बांधला. काम पुरं झाल्यावर एका सकाळी वरच्यांनी रिक्षा बोलावली. सगळी वस्ती अंगणात. भाच्याने राधाआत्याला उचलून आत बसवलं. साहेबांचा पाय तोवर बरा झाला होता, काठी होती. आत्याने त्यांना बघितलं आणि म्हणाली, "ये रे जज्जा, बस बाजूला. तुझ्या झाडावरनं चाललेय मी." साहेब मुकाट्याने बसले. मी ड्रायव्हरशेजारी अंग चोरून.

"दवाखाना ना आत्या?" ड्रायव्हरने विचारलं.

"दवाखान्यात काय हाय मेल्या? जेटीवर चल."

जेटीवर रिक्षा अगदी टोकाशी उभी केली. भरतीची वेळ होती. मासेवाल्या बायका ओळखून धावत आल्या, कोणी हात धरला, कोणी रडलं, आत्याने सगळ्यांना टोपल्यांतले मासे वर करून दाखवायला लावले आणि दोनतीन मासे शिळे ठरवले. मग त्या आपापल्या कामाला गेल्या. आत्या समोर बघत बसली. माडांच्या आड घर असल्यामुळे इतकी वर्षं तिला समुद्राची नुसती गाज ऐकू येत होती.

साहेबांना राहवेना. ते तिच्याकडे वाकून म्हणाले, "कसं वाटतंय? आधीपेक्षा काही फरक? म्हणजे तुमचं म्हणणं—"

"जज्जा," राधाआत्या समुद्रावरची नजर न काढता म्हणाली, "जरा गप बस."

आणि हयातभर भरल्या कोर्टाला गप बसवलेला तो माणूस काठी दोन्ही गुडघ्यांत धरून, पुढ्यात बघत, गप बसला.